कण्याचा दाहक संधिवात आणि चिनी पारंपरिक उपचार: एका रुग्णाचे प्रकरण

अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा पाठीच्या कण्याचा दाहक संधिवात आहे. या आजारात चिनी पारंपरिक वैद्यकाचा उपयोग होतो की नाही, असा सरळ प्रश्न विचारला तर हाती फारसे काही लागत नाही, कारण चीनमधला रुग्ण बहुधा दोन्ही प्रकारचे उपचार एकाच वेळी घेत असतो आणि कशाने काय झाले हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. त्यामुळे एकाच रुग्णाची वाटचाल सुरुवातीपासून तपासणे अधिक उपयोगाचे ठरते. येथे मांडलेला रुग्ण प्रातिनिधिक आहे. चिनी रुग्णालयांत असे प्रकरण साधारणपणे ज्या क्रमाने पुढे सरकते तो क्रम एका व्यक्तीच्या रूपात मांडला आहे, आणि त्याच्या तपासण्यांचे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत. औषधे, मात्रांचे नियम, सरकारी इशारे आणि उल्लेखलेले संशोधन मात्र प्रत्यक्षातले आहे.

रुग्ण आणि निदान

रुग्ण शानडोंग प्रांतातील एका मोठ्या शहरात राहणारा २७ वर्षांचा पुरुष. दिवसभर संगणकासमोर बसण्याचे काम. कंबरदुखी तीन वर्षांपासून होती आणि ती बैठ्या कामामुळे आहे असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. एका दवाखान्यात कमरेची चकती सरकल्याचे सांगून त्याला विश्रांती आणि तुइना, म्हणजे चिनी पद्धतीचे मर्दन, सुचवण्यात आले. मर्दनाने तासाभरापुरते बरे वाटे. विश्रांतीने मात्र दुखणे वाढे, आणि खरे तर निदानाची दिशा इथेच बदलायला हवी होती. चकतीचे दुखणे सहसा पडून राहिल्यावर कमी होते. दाहक दुखणे याच्या उलट वागते: ते चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होते, पहाटेच्या सुमारास झोपेतून उठवते, सकाळी पाठ दीड-दीड तास आखडून ठेवते आणि हालचाल केल्यावर सुटते. या तरुणाच्या बाबतीत यातले सगळे होते. मागच्या हिवाळ्यात उजवा डोळा लाल होऊन प्रकाश सहन होईनासा झाला होता, आणि ती बाब नेत्रतज्ज्ञाच्या कागदावरच राहून गेली होती. या आजारात चारपैकी एका रुग्णाला कधी ना कधी युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, होतो, तेव्हा ती नोंद पाठीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली असती तर निदान आधी झाले असते.

मार्च महिन्यात संधिवात विभागात तपासणी झाली. कंबरेच्या मागे दोन्ही बाजूंना असणाऱ्या सॅक्रोइलियाक सांध्यांच्या एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात सूज दिसली. क्ष-किरण चित्रात दोन्ही सांध्यांत दुसऱ्या श्रेणीचे बदल होते, म्हणजे १९८४ च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत बसण्याइतपत. या आजाराशी जोडलेले एचएलए-बी२७ हे जनुकरूप सकारात्मक. सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन, २८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पुढे वाकताना कमरेवरची दहा सेंटिमीटरची खूण जेमतेम तेरापर्यंत ताणली जात होती. रुग्ण स्वतः सहा प्रश्नांची उत्तरे देऊन काढतो तो बासडाय हा शून्य ते दहाचा गुणांक ६.१ आला, चार किंवा त्याहून जास्त गुणांक म्हणजे आजार सक्रिय.

सेलेकोक्सिब ही दाहशामक गोळी दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम सुरू झाली आणि रोजच्या व्यायामाचा आग्रह धरण्यात आला. यकृताच्या तपासण्या तेव्हा पूर्णपणे सामान्य होत्या. ही नोंद पुढे फार कामाची ठरली. सहा आठवड्यांनी दुखणे थोडे कमी झाले, पण रात्रीची झोपमोड थांबली नाही, तेव्हा दुसरी दाहशामक गोळी वापरून पाहावी आणि तिनेही भागले नाही तर टीएनएफ हे दाह पेटवणारे प्रथिन रोखणारे जैविक इंजेक्शन द्यावे, असा पुढचा आराखडा डॉक्टरांनी मांडला. इथे घरच्यांनी हात आखडता घेतला. पाश्चात्त्य औषध वरची लक्षणे दाबते आणि चिनी औषध मुळाशी जाते, ही धारणा चीनमध्ये घराघरांत आहे, आणि रुग्णाच्या आईची तर ती ठाम होती. शिवाय प्रतिकारशक्तीत ढवळाढवळ करणारे इंजेक्शन पंचविशीतल्या मुलाला किती वर्षे द्यायचे, हा तिचा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकण्यासारखा नव्हता. सेलेकोक्सिब चालू ठेवून त्याने पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयातील संधिवात विभागात जायचे ठरवले. चीनमध्ये अशी रुग्णालये सरकारी व्यवस्थेचाच भाग असतात आणि तिथले वैद्य एमआरआय व रक्ततपासणी मागवतात, त्यामुळे त्याचे कागद तिथे जसेच्या तसे चालले.

पारंपरिक निदान आणि काढा

ज्याला आपण कण्याचा संधिवात म्हणतो त्याचे वर्णन चिनी ग्रंथपरंपरेत जुने आहे. दोन हजार वर्षांहून जुन्या मानल्या जाणाऱ्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात मूत्रपिंडाशी जोडलेल्या 'बी' विकाराबद्दल, म्हणजे सांधे दुखून जखडण्याच्या विकाराबद्दल, म्हटले आहे की रुग्णाचे ढुंगण टाचांची जागा घेते आणि पाठ डोक्याची. म्हणजे तो चालू शकत नाही, आणि कणा इतका वाकतो की डोक्यापेक्षा पाठ वर येते. शेवटच्या टप्प्यातला, पूर्ण वाकून जखडलेला रुग्ण ज्याने पाहिला आहे त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. विसाव्या शतकात बेजिंगच्या चीन-जपान मैत्री रुग्णालयातील ज्याओ शूद यांनी याच ग्रंथातील 'दा ल्यू' ही संज्ञा या आजारासाठी रूढ केली आणि मूत्रपिंडाला बळ देऊन 'दू' वाहिनी मजबूत करण्याचे उपचारसूत्र मांडले. दू वाहिनी म्हणजे कण्याच्या मध्यरेषेवरून वर जाणारा मार्ग, असे हे शास्त्र मानते. आजचे बहुतेक काढे याच सूत्राच्या आसपास बांधलेले असतात.

वैद्यांनी नाडी पाहिली, ती खोल आणि बारीक होती. जीभ फिकी, तिच्यावर पांढरा चिकट थर. थंडीत दुखणे वाढते, पाय गार असतात, गरम शेकाने बरे वाटते. यावरून 'मूत्रपिंड दुर्बल, दू वाहिनीत शीत' असा नमुना ठरला. एखाद्या रुग्णाला सांधे गरम लागत असते, तोंड कोरडे आणि जिभेवर पिवळा थर असता, तर त्याच आजाराला 'ओलसर उष्णता' म्हणून ह्वांगबाई आणि चांगझू यांसारखी थंड व कोरडी करणारी द्रव्ये मिळाली असती. एका आजाराला दोन विरुद्ध स्वभावांचे काढे मिळू शकतात ही या पद्धतीची मूळ रीतच आहे, आणि संशोधनातली मोठी अडचणही. सगळ्यांना एकच काढा देऊन चाचणी केली तर वैद्य म्हणतात की हे आमचे शास्त्र नव्हे. प्रत्येकाला वेगळा दिला तर नेमके काय तपासले हे सांगता येत नाही.

काढ्यात गौजी, शूदुआन, दूझोंग आणि बूगूझ ही मूत्रपिंडाला बळ देणारी मानलेली द्रव्ये होती, त्यांच्या जोडीला यिनयांगह्वो, ग्वेइझ, च्यांगह्वो, दूह्वो, लाल शाओयाओ, झमू आणि ९ ग्रॅम प्रक्रिया केलेले फूझ. फूझ हे बचनागाच्या कुळातले मूळ आहे. त्यातील अकोनिटिन हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते, म्हणून चिनी औषधसंहितेत प्रक्रिया केलेल्या फूझची मात्रा ३ ते १५ ग्रॅम अशी बांधलेली आहे आणि ते इतर द्रव्यांच्या आधी, स्वतंत्रपणे, बराच वेळ उकळण्याची सूचना आहे. दीर्घ उकळीने अकोनिटिनचे विघटन होऊन बरेच कमी विषारी घटक उरतात. रुग्णालयातून यंत्राने काढलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटांत बंद केलेला काढा मिळत होता; आईने तो नाकारून घरी मातीच्या भांड्यात काढा करायला घेतला. पुडीतले फूझ वेगळ्या छोट्या पाकिटात असे. ते ती आधी तासभर उकळवी आणि मग भिजवलेली बाकीची द्रव्ये त्यात घाली. काढा प्यायल्यावर जीभ किंवा ओठ बधिर वाटले तर लगेच थांबून रुग्णालयात यायचे, एवढी एक सूचना वैद्यांनी तिला दोनदा सांगितली होती. या सूचनेला मी काढ्याच्या सगळ्या यादीपेक्षा जास्त महत्त्व देतो.

लेइ गोंग तेंग या औषधी वेलीचा विचार झाला आणि तो बाजूला पडला. या वेलीपासून केलेल्या ग्लायकोसाइडच्या गोळ्या चीनमध्ये संधिवातासाठी मान्यताप्राप्त औषध आहेत आणि चिनी वनौषधींपैकी दाहावर सर्वाधिक ठोस पुरावा त्यांच्यामागे आहे. बेजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज रुग्णालयातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हातापायांच्या आमवाताच्या २०७ रुग्णांना मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे नेहमीचे औषध, लेइ गोंग तेंग किंवा दोन्ही एकत्र देण्यात आले. २४ आठवड्यांनी लक्षणांत निम्म्याने सुधारणा झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४६.४, ५५.१ आणि ७६.८ टक्के होते. पण ही चाचणी खुली होती, कोणाला काय मिळते हे रुग्णांना ठाऊक होते. शिवाय तो आमवात होता. ज्या मेथोट्रेक्सेटशी बरोबरी झाली ते औषध कण्याच्या दाहावर मुळात चालतच नाही, तेव्हा त्या निकालावरून या रुग्णाबद्दल काही अनुमान काढणे चुकीचे ठरले असते. निर्णायक कारण मात्र याहून साधे होते: रुग्णाचे लग्न ठरलेले होते. लेइ गोंग तेंगने शुक्राणू घटतात, स्त्रियांची पाळी बंद पडू शकते, आणि चीनच्या औषध प्रशासनाने २०१२ च्या इशाऱ्यात मुलांना आणि अपत्याचा विचार असलेल्यांना ते देऊ नये असे स्पष्ट केले आहे.

सुया, शेक आणि नाकारलेले मर्दन

आठवड्यातून दोनदा सुयांचे उपचार सुरू झाले. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्याच्या मध्यरेषेपासून अर्धा चून (चून म्हणजे रुग्णाच्या अंगठ्याच्या रुंदीइतके माप) अंतरावर, छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या पाचव्या मणक्यापर्यंत ह्वातुओ ज्याजी बिंदूंच्या सतरा जोड्या असतात. त्यांतले कमरेकडचे बिंदू आणि दू वाहिनीवरील दाझुई व मिंगमेन हे बिंदू निवडले गेले. सुई टोचून वीस-पंचवीस मिनिटे ठेवली जाई आणि काहींच्या टोकाला मोक्सा, म्हणजे वाळवलेल्या दवण्याच्या जातीच्या पानांचा लोकरीसारखा कापूस, लावून पेटवला जाई.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच्या 'सानफू' या सर्वांत उष्ण दिवसांत दू वाहिनीचा मोक्सा झाला. हिवाळ्यातल्या आजाराचा उपचार उन्हाळ्यात करावा, या जुन्या तत्त्वावर तो आधारलेला आहे. रुग्ण पालथा झोपतो. मानेच्या तळापासून माकडहाडापर्यंत कण्यावर औषधी भुकटी भुरभुरून त्यावर तुतीच्या सालीच्या कागदाची पट्टी ठेवतात. पट्टीवर किसून पिळलेल्या आल्याचा बोटभर उंच बांध घालतात, बांधावर मोक्साची लांब वात रचतात आणि ती दोन्ही टोकांना व मध्ये पेटवतात. एक वात जळून गेली की दुसरी, मग तिसरी. तास-दीड तास पाठीवर असा खोल शेक बसतो की बहुतेक जण त्यात झोपी जातात. नंतर आले काढून पाठ पुसतात. पुढच्या दिवशी पाठीवर फोड आले तर ते निर्जंतुक सुईने फोडून द्रव काढला जातो आणि काही दिवस पाठ कोरडी ठेवावी लागते. काही केंद्रे फोड येणे हा उपचाराचा भागच समजतात. माझ्या मते हा या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा आहे. शेकाने स्नायू सैल होतात हे समजण्यासारखे आहे. भाजल्याचा फोड सांध्याच्या आतल्या दाहाला काय करतो याचे पटणारे उत्तर मिळत नाही, आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यायचे असेल तर त्वचेवरची उघडी जखम ही नुसती जोखीम आहे. या रुग्णाला दोन ठिकाणी लहान फोड आले आणि ते आठवडाभरात भरले.

तुइनाबद्दल मात्र वैद्यांनी जी भूमिका घेतली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. आधीच्या दवाखान्यात त्याची मान झटक्याने वळवून 'कट' आवाज काढला जात असे. वैद्यांनी ते पूर्णपणे बंद केले आणि फक्त पाठीच्या स्नायूंवरचे हलके मर्दन ठेवले. जखडलेला कणा लवचिकता गमावतो आणि आतून ठिसूळही होतो, त्यामुळे साध्या झटक्यानेही त्याला तडा जाऊ शकतो आणि तडा मानेत गेला तर मज्जारज्जूला इजा होते. अमेरिकी संधिवात संघटनांच्या २०१९ च्या शिफारशींमध्येही कणा जखडलेल्या किंवा हाडे फार विरळ झालेल्या रुग्णाचा कणा झटक्याने हलवू नये, असा सक्त सल्ला आहे. या तरुणाचा कणा अजून जखडलेला नव्हता, तरी मानेचे क्ष-किरण चित्र न काढता कोणीतरी ती वळवत होते, ही गोष्ट धोक्याचीच होती.

बारा आठवड्यांनंतरचे चित्र

जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे काढा आणि सुया यांचे बारा आठवडे झाल्यावर आणि मोक्सा सुरू होण्याआधी, बासडाय ६.१ वरून ३.९ वर आला होता. सकाळचा ताठरपणा नव्वद मिनिटांवरून चाळीसवर. झोप सुधारली होती आणि तो आठवड्यातून तीनदा पोहायला जाऊ लागला होता. घरच्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. वैद्यांच्या नोंदवहीत 'प्रभावी' असा शेरा पडला.

सीआरपी मात्र २८ वरून १९ वर आला होता. म्हणजे रुग्णाला बरे वाटत होते आणि दाह बऱ्याच अंशी शाबूत होता.

या दोन ओळींमधली तफावत हाच या प्रकरणाचा गाभा आहे. बासडायमधले सहाही प्रश्न रुग्णाच्या अनुभवाबद्दल असतात: थकवा, पाठीचे दुखणे, सांध्यांचे दुखणे, दाबल्यावर होणारी वेदना, ताठरपणाची तीव्रता आणि त्याचा कालावधी. सुया, शेक, आठवड्यातून दोनदा कोणीतरी तासभर लक्ष देऊन विचारपूस करणे, आई रोज काढा करते आहे ही जाणीव, यांपैकी प्रत्येक गोष्ट या उत्तरांवर परिणाम करते आणि तो परिणाम खोटा नसतो. वेदना खरोखरच कमी होते. पण त्याच काळात सेलेकोक्सिब चालू होते, पोहणे सुरू झाले होते, आणि हा आजार मुळात चढउतारांचा असल्यामुळे सर्वांत वाईट काळात उपचाराला आलेला माणूस काहीही न करताही काहीसा सावरतो. मार्चपासून नियमित पोहत आणि तीच गोळी घेत राहिला असता तर जुलैत बासडाय किती असता, याचे उत्तर एका रुग्णावरून मिळणे शक्यच नाही.

अनेक रुग्णांवरूनही ते सहज मिळत नाही. चीनमध्ये या विषयावर झालेल्या चाचण्या संख्येने पुष्कळ आहेत, पण बहुतेक लहान, थोड्या मुदतीच्या आणि रुग्णाला व तपासणाऱ्याला उपचार माहीत असलेल्या आहेत. त्यांतल्या अनेकांत यशाचे मोजमाप 'एकूण प्रभावी दर' या नावाने केले जाते. त्यात बरा, ठळक सुधारणा आणि सुधारणा अशा पायऱ्या एकत्र करून आलेला आकडा नव्वदीच्या पुढे सहज जातो. काढ्याची बनावट प्रतिकृती करणे हेही अवघड काम आहे. त्या वासाचा आणि कडवटपणाचा दुसरा पदार्थ बनवावा लागतो. संधिवाताच्या तज्ज्ञांना पटेल असा पुरावा हवा तर सॅक्रोइलियाक सांध्याचा एमआरआय उपचाराआधी आणि नंतर, उपचार माहीत नसलेल्या वाचकाकडून वाचून घ्यावा लागेल. 'मुळाशी जाण्याचा' दावा करणाऱ्या पद्धतीने ही कसोटी स्वतःहून मागायला हवी, असे मला वाटते.

संधिवात विभागातल्या डॉक्टरांनी जैविक इंजेक्शनचा विषय पुन्हा काढला. रुग्णाने सहा महिने थांबायचे ठरवले. त्याची लक्षणे पाहता हा निर्णय समजण्यासारखा होता, आणि डॉक्टरांनीही दर तीन महिन्यांनी सीआरपी व यकृत तपासण्याच्या अटीवर तो मान्य केला. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर म्हणजे एएलटी. जुलैत तो ३१ होता, म्हणजे सामान्य.

यकृत

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला भूक लागेनाशी झाली, थकवा वाढला आणि लघवी गडद होऊ लागली. तपासणीत एएलटी ३८६ निघाला. पुरुषांसाठी वरची मर्यादा ५० आहे. एएसटी हे तसेच दुसरे विकर १९०, आणि काविळीत वाढणारे बिलिरुबिन मर्यादेच्या किंचित वर. वरच्या मर्यादेच्या पाचपट ओलांडल्यामुळे औषधजन्य यकृतविकाराचा निकष पूर्ण होत होता. काढा आणि सेलेकोक्सिब दोन्ही त्याच दिवशी थांबवण्यात आले.

प्रथम दुसरी कारणे तपासली गेली. हिपॅटायटिस बीचे पृष्ठ प्रतिजन आणि गाभ्याचे प्रतिपिंड नकारात्मक, ए आणि सी नकारात्मक. चीनमध्ये हिपॅटायटिस ईकडे दुर्लक्ष करून चालत नाही, म्हणून त्याचीही तपासणी झाली आणि तीही नकारात्मक आली. सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळ्या होत्या. दारू तो क्वचितच घेत असे.

मग प्रश्न उरला काढा की सेलेकोक्सिब. संधिवात विभागाचा पहिला संशय काढ्यावर आणि पारंपरिक विभागाचा पहिला संशय गोळीवर, हे अपेक्षितच होते. गाठ सुटली ती औषधांची यादी पुन्हा, घरातल्या सगळ्या डब्यांसकट, विचारल्यावर. ऑगस्टमध्ये एका नातेवाइकाने हाडांसाठी चांगली म्हणून शियानलिंग गूबाओ या कॅप्सूल आणून दिल्या होत्या आणि तो त्या रोज घेत होता. दुकानात मिळणारे, वनौषधींचे, म्हणजे औषध नव्हेच, या समजुतीने त्याने ते कोणालाच सांगितले नव्हते. या कॅप्सूलमध्ये यिनयांगह्वो, शूदुआन, दानशेन, झमू, बूगूझ आणि दीह्वांग असतात. चीनच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये याच औषधाच्या यकृतावरील दुष्परिणामांबद्दल इशारा प्रसिद्ध केला होता. बूगूझ आणि यिनयांगह्वो या दोन्हींवर यकृताला इजा करण्याचा संशय घेतला जातो, आणि ही दोन्ही द्रव्ये काढ्यातही होतीच. म्हणजे ऑगस्टपासून ती त्याच्या पोटात दोन वाटांनी जात होती.

कालक्रम मांडल्यावर चित्र बरेच स्पष्ट झाले. सेलेकोक्सिबवर चार महिने आणि काढ्यावर बारा आठवडे होऊनही जुलैत यकृत सामान्य होते. कॅप्सूल सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ते बिघडले. औषध आणि यकृतविकार यांचा संबंध किती संभवनीय आहे हे ठरवणाऱ्या रुकाम गुणपद्धतीत वनौषधींना एकत्रितपणे ७ गुण मिळाले, म्हणजे 'संभाव्य'. काढा आणि कॅप्सूल यांच्यातला वाटा वेगळा काढता आला नाही, कारण द्रव्ये तीच होती. हशौवू या दुसऱ्या 'बळ देणाऱ्या' मुळीबाबत चिनी संशोधकांनीच दाखवले आहे की एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप असणाऱ्यांना यकृताच्या इजेचा धोका बराच जास्त असतो. संधिवातात ज्या जनुकसमूहाचे एक रूप निदानाला मदत करते, त्याचेच दुसरे रूप वनौषधीचा बळी कोण होईल हे सांगू शकते, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. बूगूझबाबत अशी चाचणी नेहमीच्या व्यवहारात नाही.

सहा आठवड्यांनी एएलटी ४२ वर आला. सेलेकोक्सिब निम्म्या मात्रेत पुन्हा दिले, दोन आठवड्यांनी एएलटी तपासला, तो वाढला नव्हता. काढा पुन्हा दिला गेला नाही. याबाबत वैद्यांनी कोणतीही खळखळ केली नाही आणि घटनेची नोंद औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय प्रणालीत त्यांनीच केली.

इंजेक्शन

दरम्यान गोळी बंद असलेल्या काळात आजाराने उसळी घेतली. बासडाय ६.८, सीआरपी ३४, आणि डोळा पुन्हा लाल. सुया चालूच होत्या, पण त्यांनी एकट्यांनी हा भार पेलला नाही, हे अनवधानाने का होईना स्पष्ट झाले. एका रुग्णाच्या बाबतीत याहून बरा प्रयोग करता येत नाही.

या वेळी घरच्यांनी विरोध केला नाही. खर्चाची बाजूही आता वेगळी होती. टीएनएफ रोखणाऱ्या अडालिमुमॅबच्या ४० मिलिग्रॅमच्या एका इंजेक्शनला चीनमध्ये पूर्वी सात हजार युआनांहून जास्त पडत. २०१९ च्या वाटाघाटींनंतर ते राष्ट्रीय विमा यादीत १,२९० युआनांना आले आणि त्यातलाही मोठा भाग विमा उचलतो. जैविक औषधे परवडत नाहीत म्हणून काढ्याकडे वळणाऱ्या एका मोठ्या वर्गाचे गणितच या किमतीने बदलले, आणि चिनी पारंपरिक उपचारांच्या लोकप्रियतेबद्दल बोलताना श्रद्धेइतकाच हा हिशेबही ध्यानात घ्यायला हवा. क्षयरोगासाठी इंटरफेरॉन चाचणी आणि छातीचे चित्र झाले, दोन्ही स्वच्छ. पाठीवर मोक्साची कोणतीही ओली जखम नसल्याची खात्री केली गेली. डोळ्याचा त्रास असल्यामुळे एटानर्सेप्ट या त्याच वर्गातल्या दुसऱ्या औषधाऐवजी अडालिमुमॅब निवडले, कारण युव्हिआयटिस रोखण्यात एटानर्सेप्ट कमी पडते.

दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन सुरू होऊन बारा आठवडे झाले तेव्हा बासडाय १.८ होता आणि सीआरपी ५ च्या खाली. या वेळी दोन्ही आकडे एकाच दिशेने गेले. कमरेची दहा सेंटिमीटरची खूण साडेचौदापर्यंत ताणली जात होती. मे महिन्यातल्या एमआरआयमध्ये हाडातली सूज जवळजवळ ओसरली होती, आणि डाव्या सांध्यालगत चरबीचे बदल दिसत होते. जुना दाह विझून गेल्यावर असे बदल मागे राहतात.

पारंपरिक रुग्णालयाशी त्याचा संबंध तुटलेला नाही. महिन्यातून दोनदा तो सुया घेतो, कारण दिवसभर बसून आखडलेले खांदे आणि मान त्यांनी सुटतात, आणि यासाठी सुया घेण्यास संधिवात विभागाची हरकत नाही. पुढच्या सानफूत मोक्सा घ्यायची त्याची इच्छा आहे. दोन्ही विभागांनी मिळून घातलेल्या अटी अशा की फोड येईल इतका शेक द्यायचा नाही, इंजेक्शनच्या आधीच्या व नंतरच्या दोन दिवसांत तो घ्यायचा नाही, आणि पोटात घ्यायची कोणतीही वनौषधी, दुकानातली कॅप्सूल धरून, दोन्ही ठिकाणच्या नोंदवहीत लिहिल्याशिवाय सुरू करायची नाही. इंजेक्शनमधले अंतर दोनवरून तीन आठवड्यांवर नेण्याचा विचार नोव्हेंबरमध्ये होईल. तोपर्यंत सीआरपी आणि एएलटी दर बारा आठवड्यांनी तपासले जाणार आहेत.